बांधावरचा सौदी

सौदी अरेबियाचं परराष्ट्र धोरण काही काळ माझ्या हातात होतं, ही गोष्ट आमच्या घरात कुणी मनावर घेत नाही. पुण्यातल्या एका युवा पर्यावरण परिषदेत मी तो देश सांभाळला, आणि ज्या अवस्थेत मिळाला त्याहून वाईट अवस्थेत परत केला.

परिषदेला जाण्याच्या माझ्या निर्णयाचा पर्यावरणाशी थेट संबंध नव्हता. आमच्या कॉलेजचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सर वर्गात आले आणि म्हणाले, "पुण्याला कोण जाणार? राहणं-खाणं फुकट. हजेरी लागेल." त्या शेवटच्या दोन शब्दांनी माझ्यातला कार्यकर्ता खडबडून जागा झाला. अर्जात मात्र एक अडचण होती. 'हवामान बदलाशी तुमचे वैयक्तिक नाते' यावर तीनशे शब्द लिहायचे होते. मी सांगलीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा आमचं घर त्या पाण्यात होतं. एवढं लिहून पन्नास शब्दही होईनात, म्हणून 'पूरकाळात मी आघाडीवर राहून नेतृत्व केले' असं एक वाक्य घातलं आणि त्याला चार शेपट्या जोडल्या. प्रत्यक्षात तेव्हा मी आठवीत होतो आणि माझ्या नेतृत्वाखाली फक्त आमचा टीव्ही होता. तो मी तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप पोचवला, आणि लाइट गेलेली असूनही त्याच्यासमोर बसून राहिलो.

निवड झाली. पत्रात लिहिलं होतं की परिषदेत संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेची, म्हणजे 'कॉप'ची, लुटुपुटूची बैठक भरेल आणि प्रत्येकाला चिठ्ठी काढून एकेक देश दिला जाईल. मी मनातल्या मनात मालदीवची तयारी सुरू केली. पूरग्रस्त माणूस, बुडणारा देश, थरथरता आवाज: सगळं जमून आलं होतं. दोन दिवसांनी चिठ्ठीचा निकाल आला. सौदी अरेबिया.

"चांगलं झालं की," वडील म्हणाले. "तेवढं पेट्रोलचं बघ."

आई म्हणाली, "बदलून द्या म्हणावं. पूर आलेल्या माणसाला कुणी तेलवाला करतंय का?"

खरी दखल घेतली ती फक्त अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. गावाकडे आमची थोडी जमीन आहे आणि तिच्या बांधाला लागून भावकीतल्या एकाची जमीन आहे. त्यानं बांध कोरला असं अण्णांचं म्हणणं. अण्णांनी कोरला असं त्याचं म्हणणं. भांडण अर्ध्या गुंठ्याचं, आणि तालुक्याच्या कोर्टातला दावा माझ्या जन्माच्या आधीचा. अण्णांनी तंबाखू मळत विचारलं, "तुझ्या त्या सौदीला काय पायजे?"

"काहीच व्हायला नको आहे," मी म्हणालो.

अण्णांचा चेहरा उजळला. "मग सोपं हाय," ते म्हणाले. "काय पायजे आसलं तर अवघड आसतंय."

त्यांचं हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे हॉस्टेलच्या मित्राच्या लॅपटॉपवर वाचायला बसलो, तेव्हा मात्र अण्णांना जिनिव्हात नाहीतर बॉनमध्ये असायला हवं होतं, अशी माझी खात्री पटत गेली. हवामान कराराचे १९८ पक्षकार आहेत. पहिली कॉप १९९५ मध्ये बर्लिनला झाली. तेव्हा कामकाजाचे नियम मांडले गेले, पण मतदान कसं घ्यायचं या कलमावर एकमत झालं नाही. तेलवाल्या देशांना बहुमतानं निर्णय नको होता. परिणाम असा की ते नियम आजतागायत रीतसर मंजूर झालेले नाहीत. मतदानाचं कलम तेवढं बाजूला ठेवून बाकीचे वापरले जातात. मतदान नाही, म्हणजे सगळं सहमतीनं. सहमतीनं म्हणजे एक जण हात वर करून "आमची हरकत आहे" म्हणाला की बाकीच्यांनी घड्याळाकडे बघायचं. सामाईक बांधाचा कायदाही हाच आहे. तिथेही दहा हिस्सेदारांच्या सह्या झाल्या तरी अकरावा अंगठा देईना की फेरफार अडला.

आणखी वाचलं. जगानं तेल कमी वापरलं तर आमचं जे उत्पन्न बुडेल त्याचाही विचार व्हावा, हा सौदीचा जुना मुद्दा. २०६० पर्यंत कार्बन उत्सर्जनाचा हिशोब शून्यावर आणू, असं त्यांनी २०२१ मध्ये जाहीर केलं. पण हिशोब देशाच्या हद्दीत जळालेल्या तेलाचा. विकलेलं तेल ज्याच्या इंजिनात जळेल त्याच्या खात्यावर. आता यात सौदीनं काही लबाडी केली असं नाही, सगळेच आपले हिशोब या पद्धतीनं मांडतात. पण वाचताना मला आमच्या बांधावरची बाभूळ आठवली. तिच्या शेंगा अण्णांच्या आणि सावलीनं जे पीक मरतं ते शेजाऱ्याचं. जून २०२३ मध्ये बॉनला झालेल्या हवामान बैठकीत तर विषयपत्रिकाच मंजूर होईना. ५ तारखेला बसलेली मंडळी विषयपत्रिकेवर भांडत राहिली आणि ती मंजूर झाली १४ तारखेला. बैठक संपणार होती १५ला. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नऊ दिवस? पगारी?"

तयारी इतपत ठीक झाली होती. घात केला पोशाखानं.

पत्रात 'औपचारिक अथवा संबंधित देशाचा पारंपरिक वेश' असं होतं. औपचारिक वेश म्हणजे कोट, आणि आमच्या घरातला एकमेव कोट वडिलांच्या लग्नाचा. म्हणून पारंपरिक बाजू धरली. वडिलांचा वारीचा लांब पांढरा झब्बा घेतला, तो मला घोट्याच्या बराच वर आला. डोक्याला लाल चौकड्यांचा पंचा, आणि तो जागेवर राहावा म्हणून काळं कडं हवं होतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून त्याची गोल चुंबळ करून दिली आणि पैसेही घेतले नाहीत. आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हे एसटीत घालू नकोस." मी एसटीत घातलं नाही. स्वारगेटला उतरून मुक्कामाच्या जागी गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण सौदी होऊन सभागृहाच्या फाटकावर हजर झालो.

वॉचमननं मला अडवलं. "नाटकाची माणसं मागच्या गेटनं."

"मी प्रतिनिधी आहे," मी म्हणालो.

"हां, कुणाचे का असा ना. मेकअपवाले, कपडेवाले, सगळे मागनं."

मागच्या गेटानं गेलो. अंधारा बोळ, मग एक जिना, मग एक काळा पडदा. पलीकडून माइकवर बोलण्याचा आवाज येत होता, म्हणून मी पडदा सारून आत गेलो आणि थेट रंगमंचावर निघालो. तिथे प्रमुख पाहुणे दीपप्रज्वलनाऐवजी रोपाला पाणी घालत होते. त्यांच्या खांद्यामागे मी. सभागृहात तीन-चारशे पोरं-पोरी. एक क्षण शांतता आणि मग प्रचंड टाळ्या. पाहुण्यांना वाटलं टाळ्या त्यांना, त्यांनी झारी वर करून अभिवादन केलं. मलाही काही सुचलं नाही, मीही हात वर केला. त्या उद्घाटनाचा तो फोटो परिषदेच्या अहवालात पहिल्या पानावर आहे.

पाहुण्यांचं भाषण, व्यासपीठावरच्या पाण्याच्या बाटल्या, 'प्लास्टिकमुक्त भविष्य' लिहिलेला फ्लेक्स: यावर विनोद करणं फार सोपं आहे आणि तिथे प्रत्येक जण तोच करत होता, त्यामुळे तो सोडून देतो. खरं तर आयोजक पोरं मनापासून राबत होती. जेवणाच्या हॉलमध्ये खरकट्याच्या बादलीशेजारी एक मुलगी वजनकाटा घेऊन बसली होती आणि प्रत्येक ताटातलं उरलेलं अन्न मोजून मोठ्यानं देशाच्या नावावर जाहीर करत होती. "जर्मनी, चाळीस ग्रॅम!" "ब्राझील, शून्य!" हवामानाच्या वाटाघाटींत अशी एक मुलगी खरोखरच बसवायला हवी. दोडक्याची भाजी निमूटपणे संपवणारा सौदी अरेबिया इतिहासात तो पहिलाच असावा.

वाटाघाटी दुपारी सुरू झाल्या. अध्यक्ष होती कायद्याची विद्यार्थिनी, नागपूरची. हातोडा मिळाला नव्हता म्हणून तिला मेसमधला खलबत्त्याचा बत्ता दिला होता. अमेरिका नाशिकच्या एका मुलाकडे होती. युरोपीय संघाला चार मुलं दिली होती आणि कुणी कुठे बसायचं यावरच त्यांचं जमत नव्हतं. भारत सगळ्यांनाच हवा होता. तो मिळाला लातूरच्या एका शांत मुलीला. ती फार बोलायची नाही, पण बोलली की 'जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही' या मुद्द्यावर परत यायची. १९९२ च्या रिओ परिषदेपासून आपण हेच म्हणतो आहोत, आणि तिच्या तोंडून ते ऐकताना मला पहिल्यांदाच पटलं. माझ्या शेजारी तुवालू. नऊ बेटं, साधारण अकरा हजार माणसं, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंची. प्रतिनिधी भुसावळची. तिनं समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, गेटवेला, आणि तोही ओहोटीचा.

अध्यक्ष म्हणाली, "विषयपत्रिका मंजूर समजायची का?"

मी हात वर केला.

पुढे जे झालं त्यात माझं स्वतःचं असं काही नव्हतं. मी तोंड उघडत होतो आणि आतून अण्णा बोलत होते. विषयपत्रिकेतला चौथा मुद्दा तिसऱ्याच्या आधी का नाही? आकडे कुठल्या वर्षापासून धरायचे? आधी मोजणी होऊ द्या, मग बोलू. मोजणी कोण करणार? तो मोजणीदार आम्हाला मान्य नाही. मसुदा पडद्यावर होता आणि माझ्या प्रत्येक हरकतीबरोबर त्यातल्या शब्दांभोवती चौकोनी कंस पडत होते, कारण ज्याच्यावर एकमत नाही ते कंसात ठेवायची तिथली रीत आहे. कोपनहेगनच्या २००९ च्या परिषदेआधी असा कंसांनी भरलेला मसुदा दोनशेच्या आसपास पानांवर गेला होता. आमचा मुळात एका पानाचा होता. चहाच्या सुट्टीपर्यंत त्यात कंसाबाहेर फक्त तारीख उरली. तारखेलाही मी हात घातला असता, पण चहाबरोबर भजी होती.

तुवालूनं हानी आणि नुकसानीसाठी निधी मागितला. मी उठून म्हणालो की आमचंही नुकसानच होणार आहे, तेल खपलं नाही तर. दोन्ही नुकसानी एकाच परिच्छेदात घ्या. सभागृहातून हुर्यो उडाली. मला इतकं यश आयुष्यात कुठल्याच विषयात मिळालं नव्हतं. मार्गदर्शक म्हणून आलेले एक प्राध्यापक मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, "फार वास्तववादी करतो आहेस." मी मान तुकवली आणि ट्यूबचं कडं डोळ्यांवर आलं.

दुसऱ्या दिवशी अमेरिका आलीच नाही. घरी काही काम निघालं म्हणून त्यानं सकाळची गाडी पकडली. २०१७ मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडायची घोषणा, २०२१ मध्ये परत आत, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडायची घोषणा, हा इतिहास माहीत असल्यामुळे बराच वेळ सगळ्यांना वाटत होतं की तो अभिनय आहे. त्याची खुर्ची मोकळी ठेवली. दुपारी परत येईल, असं युरोपचं म्हणणं होतं.

त्या दिवशी तुवालूचं भाषण होतं. २०२१ च्या ग्लासगो परिषदेसाठी तुवालूचे मंत्री सायमन कोफे यांनी कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभं राहून भाषण केलं होतं. भुसावळच्या मुलीनं मेसमधून भांडी भिजत घालायचा मोठा टब आणवला, त्यात पाणी भरलं, सलवार दुमडली आणि आत उभी राहिली. सभागृह एकदम गप्प झालं. चांगलं बोलत होती. मग म्हणाली, "आणि एका रात्री समुद्राची लाट दार तोडून आमच्या घरात शिरते."

मी हात वर केला. "हरकतीचा मुद्दा. पाणी दारातून येत नाही."

अध्यक्षांनी बत्ता उचलला. "सौदी अरेबिया, तुमची वेळ नाही."

"पण येतच नाही तसं," मी म्हणालो. "तुमच्याच फुनाफुटी बेटावर मोठ्या भरतीला पाणी जमिनीतून वर येतं. जमीन प्रवाळाची आहे, भोकाभोकांची. माणसं किनाऱ्याकडे बघत बसतात आणि अंगणात तळं साचतं." हे मी शत्रूची माहिती काढताना वाचलं होतं. इथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. "मोरीतून येतं. आधी मोरीतून बुडबुडे येतात. आपण दाराला पोती लावतो, गोणपाट कोंबतो आणि तेवढ्यात पाय ओला लागतो म्हणून मागे बघतो तर मोरी भरलेली असते. लाट बिट काही नाही, आवाज नसतो. हळू येतं. इतकं हळू येतं की आई म्हणते, थांबेल आता. फरशीची एक रांग, मग दुसरी. फ्रिज आडवा होऊन तरंगतो आणि भिंतीला धडकत राहतो, ते वरच्या मजल्यावर ऐकू येतं. पाणी गेल्यावर तांदळाच्या डब्याचं झाकण आतून उचललेलं असतं, इतका फुगतो तांदूळ. आणि वास. तो चुना मारला तरी पावसाळ्यात परत येतो."

मी बसलो तेव्हा पंखे ऐकू येत होते. तुवालू टबात तशीच उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळेच वाजवू लागले.

टाळ्या थांबल्यावर भारत उभा राहिला, म्हणजे लातूरची मुलगी. अत्यंत नम्रपणे तिनं विचारलं, "सन्माननीय सौदी अरेबिया आता आपले कंस मागे घेतील का?"

इथे कुठल्याही भल्या माणसानं काय केलं असतं ते मला माहीत आहे. पण उत्कृष्ट प्रतिनिधीला बक्षीस होतं, प्राध्यापकांनी पाठ थोपटली होती, आणि आत अण्णा जागे होते. मी उठलो. "ते निवेदन वेगळं," मी म्हणालो, "आणि कलम वेगळं. हरकत कायम आहे."

यानंतरची हुर्यो आदल्या दिवशीसारखी नव्हती. तिच्यात गंमत नव्हती.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मग शांतपणे सांगितलं की २०१० मध्ये कानकुनला बोलिव्हिया एकटा विरोधात उभा राहिला होता, तेव्हा अध्यक्ष पॅट्रिसिया एस्पिनोसा यांनी एका देशाच्या नकाराला सगळ्यांवरचा अधिकार मानलं नाही. हरकत इतिवृत्तात नोंदवली आणि ठराव मंजूर केला. "सौदी अरेबियाची हरकत नोंदवून घेतली आहे," ती म्हणाली, आणि मी हात वर करेपर्यंत बत्ता टेबलावर आपटला. टेबलावरची काच तडकली. मला राग आला आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. या दोन्हींचं प्रमाण मी अजून नक्की करू शकलेलो नाही.

बक्षीस तुवालूला मिळालं. परीक्षकांनी निकाल सांगताना म्हटलं की तुवालूची बाजू उत्तम मांडली गेली, जरी तिचा निम्मा भाग सौदी अरेबियानं मांडला असला तरी. तिनं मंचावरून मला वर बोलावलं. मी पंचा आणि कडं काढून हातात घेतलं आणि गेलो, तर पहिल्या रांगेतली मुलं खाली माना घालून हसायला लागली. आरशात नंतर पाहिलं. घामानं ट्यूबचा रंग सुटून कपाळावर मधोमध काळा पट्टा उतरला होता. वारीचा झब्बा आणि कपाळाला बुक्का, अशा थाटात सौदी अरेबियाचा समूहफोटो निघाला. डाग साबणानं निघेना, परतीच्या एसटीत एका आजींनी मला बसायला जागा दिली आणि विचारलं, "पायी गेला होतास का, माउली?"

घरी आल्यावर आईनं डाग रॉकेलनं काढला. वडिलांनी पेट्रोलचं विचारलं. अण्णा मुद्दाम गावाहून आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं: विषयपत्रिका, कंस, टब, मोरी. मोरीच्या ठिकाणी ते काही बोलले नाहीत. बत्त्यापाशी आल्यावर मात्र ताठ बसले.

"हरकत आसताना मंजूर कसं केलं?"

"नोंदवून घेतली म्हणाली."

"नोंद काय चाटायची हाय? अपील करायचं. निकाल लागंपत्तुर 'जैसे थे'चा आदेश घ्यायचा."

"अण्णा, ते खोटं खोटं होतं."

"आसू दे. सवय मोडू ने." मग तंबाखूची चिमूट तशीच बोटांत ठेवून म्हणाले, "आणि त्या बेटावाल्या पोरीला सांग, पाणी वाढायच्या आत मोजणी करून घे म्हणावं. एकदा जमीन पाण्यात गेली की हद्दीचे दगड सापडत न्हाईत. मग कोण बी उठतंय आणि माझीच म्हणतंय."

मी त्यांना सांगितलं की तुवालूनं ते केलंय. २०२३ मध्ये त्यांनी राज्यघटनाच बदलली. जमीन समुद्रात गेली तरी देश कायम, आणि समुद्रातल्या हद्दीही आहेत तिथेच कायम.

अण्णांनी तंबाखू परत डबीत टाकली. इतक्या वर्षांत त्यांना एवढं प्रभावित झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"वकील कोण त्यांचा?"